विमा कासवाचा की कासव पाळणाऱ्याचा?

जानेवारी २०१९ मध्ये छत्तीसगढच्या बेमेतरा जिल्ह्यातील बावा मोहतरा या गावात एक अंत्ययात्रा निघाली. फुलांनी सजविलेल्या ट्रॅक्टरवर देह ठेवलेला होता आणि मागून शेकडो माणसे चालत होती. त्या दिवशी गावातील अनेक घरांत चूल पेटली नाही. गेलेल्या जिवाचे नाव होते गंगाराम. गंगाराम म्हणजे गावच्या तळ्यातील मगर. लांबी सुमारे ३.४० मीटर, वजन सुमारे २५० किलो. वय एकशे तीस असावे, असे गावकरी मानीत. त्याच तळ्यात मुले पोहत असत आणि लोक त्याला वरण-भात भरवीत असत. वनविभागाने शवविच्छेदन केल्यानंतर देह गावकऱ्यांच्या स्वाधीन केला आणि तळ्याकाठीच त्याचे दफन झाले.

सरपटणाऱ्या प्राण्यावर माणसाचा जीव जडत नाही, असा आपला एक सर्वसाधारण समज असतो. गंगारामने तो खोटा ठरविला. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र गंगारामसारखी वन्य मगर नसून घरातल्या काचेच्या टाकीत राहणारे छोटे कासव हा आहे, आणि प्रश्न आहे तो त्याच्या विम्याचा.

एक अनपेक्षित प्रश्न

गेल्या हिवाळ्यात रायपूर येथील आमच्या शाखेत एक ग्राहक भगिनी आल्या. मुदत ठेवीचे नूतनीकरण झाल्यावर त्यांनी विचारले, ‘‘साहेब, तुमच्याकडे माणसांचे, गाड्यांचे, घरांचे विमे होतात. आमच्या कासवाचा होईल का हो?’’

शेजारच्या काउंटरवरील सहकारी हसू आवरू शकले नाहीत. त्या भगिनी मात्र हसत नव्हत्या. त्यांची कन्या तिसरीत असताना घरात आलेले ते कासव आता त्यांच्या एकट्याच्या सांभाळात होते, कारण कन्या शिक्षणासाठी नागपूरला गेली होती. थंडीत त्याने अन्न सोडले, डोळे सुजले आणि डॉक्टर शोधण्यात त्यांचे आठ दिवस गेले. कासव वाचले, पण त्यांच्या मनात धास्ती बसली. ‘‘पुन्हा असे झाले तर निदान पैशाची काळजी नको,’’ असे त्यांचे म्हणणे होते.

आपली बँक विमा कंपन्यांची अधिकृत प्रतिनिधी म्हणूनही काम करते. पॉलिसी विकली की बँकेला मोबदला मिळतो. म्हणूनच अशा वेळी ‘काही तरी देऊन टाकू’ हा मोह टाळणे आणि ग्राहकाच्या गरजेचा खरा विचार करणे हे आपले कर्तव्य ठरते. त्या प्रश्नाचा मी जो विचार केला, तो येथे मांडतो. माझे मत आरंभीच सांगतो. आपल्याकडील सामान्य कुटुंबाने पाळलेल्या कासवासाठी विम्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी तरतूद करणे मात्र अत्यावश्यक आहे, आणि त्या तरतुदीचा सर्वांत महत्त्वाचा भाग कासवाशी नव्हे, तर त्याच्या मालकाशी संबंधित आहे.

आधी कायदा, मग विमा

विम्याचा अर्ज हाती घेण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. हा प्राणी घरात ठेवण्याचा मला अधिकार आहे काय?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ अन्वये आपल्या देशातील कासवे, घोरपड, अजगर, मगर इत्यादी प्राण्यांना संरक्षण आहे. या कायद्यात २०२२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. कवचावर चांदण्यांची नक्षी असलेले स्टार कासव अनेक घरांत ‘लक्ष्मी येते’ अशा समजुतीने ठेवले जाते. ते पहिल्या परिशिष्टात आहे. पहिल्या परिशिष्टातील प्राण्यांविषयीच्या अपराधास तीन ते सात वर्षांचा कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे. स्टार कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही २०१९ पासून सर्वांत कडक निर्बंध लागू झाले आहेत. देवळात गाभाऱ्यासमोर आपण दगडी कासवाला नमस्कार करतो. त्याच्या जिवंत भाईबंदाला तस्कराकडून विकत घेणे हे त्या नमस्काराशी विसंगत आहे.

परदेशी जातींची गोष्ट निराळी. इग्वाना किंवा बॉल पायथॉन यांसारखे प्राणी आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असल्याने त्यांची नोंदणी आवश्यक आहे. यासाठीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये अधिसूचित झाले असून प्राण्याचा ताबा, हस्तांतरण, जन्म आणि मृत्यू यांची माहिती केंद्र शासनाच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर द्यावी लागते.

याचा विम्याशी संबंध काय? भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम २३ नुसार बेकायदेशीर उद्देशाचा करार रद्दबातल ठरतो. विमा हा मुळात एक करार आहे. जो प्राणी ठेवणेच गुन्हा आहे, त्याच्यावर मालकाचा विमायोग्य हितसंबंध निर्माणच होत नाही. त्याच्या नावे भरलेला हप्ता पाण्यात जातो आणि दाव्याचा अर्ज म्हणजे स्वतःच्या अपराधाची लेखी कबुली ठरते. गाढवही गेले आणि ब्रह्मचर्यही गेले, अशी ती अवस्था. आपल्या घरातील प्राण्याच्या जातीविषयी शंका असेल, तर विमा प्रतिनिधीकडे जाण्याआधी कायद्याचा जाणकार सल्लागार आणि वनविभागाचे कार्यालय गाठावे.

गाईचा बिल्ला आणि कासवाचे कवच

प्राण्यांचा विमा आपल्याला नवा नाही. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाच्या काळात आपल्या ग्रामीण शाखांनी दुभत्या जनावरांसाठी कर्जे दिली, त्यांबरोबर त्या जनावरांचे विमेही उतरविले गेले. २००५-०६ मध्ये केंद्र शासनाची पशुधन विमा योजना १०० जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि तीत निम्मा हप्ता शासन भरत असे. ज्येष्ठ सहकाऱ्यांना कानातल्या बिल्ल्याचे महत्त्व आठवत असेल. ‘बिल्ला नाही तर दावा नाही’ हे त्या व्यवहाराचे सूत्र होते.

त्या सूत्रातच प्राण्यांच्या विम्याचे मर्म आहे. विमा कंपनीला चार गोष्टी लागतात. मेलेला प्राणी हा विमा उतरविलेलाच प्राणी होता याची ओळख, त्याची बाजारातील किंमत, त्या जातीत किती प्राणी कोणत्या वयात दगावतात याची आकडेवारी, आणि मृत्यूचे वा आजाराचे कारण सांगणारा पशुवैद्यकाचा दाखला.

गाईच्या बाबतीत या चारही गोष्टी सिद्ध होतात. कुत्र्याच्या बाबतीतही बऱ्याच अंशी होतात. म्हणून आपल्याकडे कुत्र्यांचे विमे रुळले आणि काही कंपन्यांनी मांजरांनाही सामावून घेतले. कासवाच्या कानात बिल्ला अडकविता येत नाही, कारण त्याला बाहेरून दिसणारा कानच नाही. त्वचेखाली सूक्ष्म चिप बसविता येते, पण ती बसविणारा हात जवळपास असावा लागतो. किमतीचे कागदपत्र बहुधा नसतात. आपल्या देशातील पाळीव सरीसृपांच्या मृत्युदराचे कोष्टक बांधण्याइतका अनुभव विमा कंपन्यांपाशी नाही. उरला दाखला. रायपूरसारख्या शहरातही पशुवैद्यकांचा बहुतेक वेळ गाई-म्हशी व कुत्री यांत जातो, कासवाच्या आजाराचा अनुभव असलेला डॉक्टर शोधावा लागतो. सरीसृपांसाठी सहज विकत घेता येईल अशी सर्वसामान्य पॉलिसी आपल्याकडे रूढ झालेली नाही, याचे कारण विमा कंपन्यांची उदासीनता एवढेच नाही. विमा ज्या पायावर उभा राहतो, तो पायाच येथे अजून भरलेला नाही.

परदेशात परिस्थिती निराळी आहे. स्वीडनमध्ये १९२४ साली कुत्र्याचा विमा उतरविला गेला. अमेरिकेत १९८२ मध्ये पहिली आधुनिक पॉलिसी निघाली, ती दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध ‘लॅसी’ या कुत्र्याच्या नावे. पुढे तेथे पक्षी व सरीसृप यांच्यासाठीही विमा मिळू लागला. तेथील मराठी कुटुंबांत मुलांच्या हट्टापायी दाढीवाला सरडा किंवा कासव आले असेल, तर त्यांनी पॉलिसीचा जरूर विचार करावा. तेथे उपचारांचा खर्च मोठा असतो आणि ते करणारे तज्ज्ञही उपलब्ध असतात. परंतु तेथेही वगळलेल्या बाबींचे पान आधी वाचावे. आधीपासूनचा आजार आणि निष्काळजी देखभालीमुळे उद्भवलेला आजार या दोन बाबी सामान्यतः वगळलेल्या असतात.

हप्त्याचा हिशेब

उद्या आपल्याकडेही अशी पॉलिसी आली, तर? उदाहरणादाखल काही आकडे गृहीत धरू. वार्षिक हप्ता २,४०० रुपये, वर्षभरात जास्तीत जास्त २०,००० रुपयांचे संरक्षण आणि त्यातील पहिले २,००० रुपये मालकाने सोसावयाचे. म्हणजे कंपनीकडून मिळणारी कमाल रक्कम १८,००० रुपये. या रकमेला हप्त्याने भागले असता साडेसात हा आकडा येतो. दर साडेसात वर्षांतून एकदा कासव पूर्ण रकमेइतके आजारी पडले, तरच हप्ता आणि भरपाई यांची तोंडमिळवणी होते. लहानसहान आजार तर त्या पहिल्या २,००० रुपयांतच जिरून जातात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा हा प्रकार होण्याचा संभव अधिक.

विम्याचे मूळ तत्त्व असे आहे की, जे नुकसान क्वचित होते पण झाल्यास कुटुंबाला पेलवत नाही, त्याचा भार अनेकांच्या खांद्यांवर वाटून द्यावा. कर्त्या माणसाचा मृत्यू, मोठे आजारपण, घराला लागलेली आग ही अशी नुकसाने आहेत. कासवाच्या उपचारांचा खर्च कितीही त्रासदायक असला, तरी बहुतेक मध्यमवर्गीय कुटुंबे त्यामुळे कोलमडत नाहीत. अशा खर्चाला विम्यापेक्षा बचत शोभते.

तेच २,४०० रुपये म्हणजे महिन्याला २०० रुपये होतात. त्यांची आवर्ती ठेव उघडल्यास पाच वर्षांत १२,००० रुपये मुद्दल आणि वर व्याज जमा होते. कासव निरोगी राहिले, तर ही रक्कम आपलीच राहते. यावर एक आक्षेप रास्त आहे. पहिल्याच वर्षी कासव आजारी पडले तर ठेवीत तुटपुंजी रक्कम असेल, विमा मात्र पहिल्या वर्षापासून साथ देईल. आक्षेप खरा आहे, म्हणून आरंभीच एका मोठ्या उपचाराला पुरेल इतकी रक्कम बचत खात्यात बाजूला ठेवावी. जो एवढी रक्कम बाजूला काढू शकत नाही, त्याने प्राणी घरी आणण्याचा निर्णय पुढे ढकलणेच इष्ट.

याला अपवाद आहेत. कायदेशीर नोंदणी असलेले मौल्यवान परदेशी सरीसृप बाळगणाऱ्यांनी किंवा प्राण्यांवर ज्यांचा व्यवसाय अवलंबून आहे अशांनी विमा कंपनीशी स्वतंत्र बोलणी करून पाहावी. त्यांच्या बाबतीत नुकसानीचा आकडाच वेगळा असतो.

आजार येतो तो टाकीतून

आता या विषयातील अधिक महत्त्वाच्या बाजूकडे वळू. घरोघरी दिसणारे परदेशी कासव म्हणजे बहुधा लाल कानांचे कासव. डोळ्यामागील लाल पट्ट्यावरून त्याला हे नाव पडले. त्याचे मूळ स्थान अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे. रुपयाच्या नाण्याएवढे दिसणारे हे पिल्लू वाढून ताटलीएवढे होते, याची कल्पना विकत घेताना क्वचितच दिली जाते.

त्याचे बहुतेक आजार अपघाती नसतात, ते आपल्या अज्ञानातून उद्भवतात. अंग शेकण्यासाठी कोरडी जागा व योग्य दिवा नसेल, अतिनील किरण मिळत नसतील आणि आहारात चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी असेल, तर हाडे व कवच मऊ पडतात. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी डोळे सुजतात. पाणी गढूळ राहिले की कवच कुजू लागते. काचेतून आलेले ऊन या कामी उपयोगी पडत नाही, कारण काच आवश्यक किरण बहुतांशी अडवते. त्यातच रायपूरचे हवामान दोन टोकांचे. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो, तर डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्याच थंड असतात. सरीसृपाला स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. पाणी गार पडले की त्याचे पचन मंदावते, ते अन्न सोडते आणि आपण ‘कासव झोपले आहे’ असे समजून निर्धास्त राहतो.

यावरील उपाय खर्चिक नाहीत. ७५ वॅटचा दिवा रोज दहा तास लावला, तर दिवसाला पाऊण युनिट आणि वर्षाला सुमारे २७४ युनिट वीज लागते. विम्याच्या हप्त्यापेक्षा या विजेवर आणि स्वच्छ पाण्यावर केलेला खर्च कासवाला अधिक वाचवितो. दुर्गजवळील अंजोरा येथे राज्याच्या कामधेनू विद्यापीठाचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. कासव धडधाकट असतानाच तेथे व आपल्या शहरातील दवाखान्यांत चौकशी करून कासवावर उपचार करणाऱ्या डॉक्टरचा दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवावा. आजारपणात आठ दिवस शोधण्यात जाणे आणि पहिल्या दिवशी उपचार होणे, यांत कासवाच्या दृष्टीने जीवनमरणाचे अंतर असते.

घरातील माणसांची काळजीही यात आली. कासवाच्या अंगावर साल्मोनेला हे जंतू असू शकतात. याच कारणामुळे अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुण्याची सवय मुलांना लावावी.

मालकानंतर कोण?

आता मुख्य मुद्दा. नीट सांभाळलेले लाल कानांचे कासव वीस-तीस वर्षे आणि क्वचित त्याहूनही अधिक जगते. मोठ्या कासवांची आयुर्मर्यादा तर थक्क करणारी असते. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयातील ‘अद्वैत’ हे महाकाय कासव मार्च २००६ मध्ये मरण पावले, तेव्हा त्याचे वय अडीचशे वर्षांच्या आसपास असावे असे मानले जात होते. कुत्रा पाळणारा माणूस आपण त्याच्यामागे राहू असे धरून चालतो. कासव पाळणाऱ्या पन्नाशीतल्या गृहस्थाला तसे धरून चालता येत नाही. कासवाच्या मृत्यूने मालकाचे होणारे नुकसान, हा विम्याचा नेहमीचा विचार. येथे प्रश्न उलटा आहे. मालकाच्या मृत्यूने कासवाचे काय होणार?

याचे उत्तर आज बहुधा असे मिळते की, कुणी तरी ते एका संध्याकाळी जवळच्या तलावात सोडून येतो. रायपुरात बूढा तलाव आहे, तेलीबांधा आहे. सोडणाऱ्याला वाटते, आपण पुण्य केले. वस्तुतः जगातील सर्वांत उपद्रवी अशा १०० परकी जातींच्या यादीत या कासवाचा समावेश आहे. अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा यांसाठी ते देशी कासवांशी स्पर्धा करते. सोडलेले कासव जगले तर तळ्याची हानी होते आणि न जगले तर त्याचा बळी जातो.

कायद्याच्या दृष्टीने कासव ही संपत्ती आहे, ते स्वतः संपत्तीचे मालक होऊ शकत नाही. त्याच्या नावे खाते उघडता येत नाही की त्याचे नामनिर्देशन करता येत नाही. परंतु त्याचा सांभाळ करण्यास तयार असलेल्या व्यक्तीचे नामनिर्देशन आवर्ती ठेवीवर निश्चितच करता येते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींसाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करण्याची सोय झाली आहे. तथापि केवळ नामनिर्देशनाने सांभाळाचे बंधन येत नाही. त्यासाठी मृत्युपत्रात दोन ओळी लिहाव्यात. कासव कोणाकडे जावे आणि त्याच्या पालनासाठी कोणती रक्कम त्या व्यक्तीला मिळावी, एवढे पुरे. रतन टाटा यांच्या मृत्युपत्रात त्यांच्या ‘टिटो’ या कुत्र्याच्या देखभालीची तरतूद असल्याचे वृत्त २०२४ मध्ये सर्वत्र प्रसिद्ध झाले होते. ही दूरदृष्टी श्रीमंतांचीच मक्तेदारी नाही. दोन ओळी लिहावयास संपत्ती लागत नाही. ज्याच्या नावे लिहावयाचे, त्याला आधी विचारून त्याची संमती मात्र घ्यावी.

याबरोबरच मालकाचा स्वतःचा आरोग्यविमा व आयुर्विमा चालू आहे ना, हे पाहावे. मालकाच्या आजारपणात घराची आर्थिक घडी विसकटली की सर्वांत आधी कात्री लागते ती दिव्याला, पाण्याला आणि कासवाच्या अन्नाला. म्हणून मी म्हणतो, कासवाचा विमा उतरवावयाचाच असेल तर तो त्याला पाळणाऱ्याचा उतरवावा.

त्या ग्राहक भगिनींना मी हेच सांगितले. त्या दिवशी शाखेतून कोणतीही पॉलिसी विकली गेली नाही. दोनशे रुपयांची एक आवर्ती ठेव तेवढी उघडली गेली. त्यांच्या स्वतःच्या आरोग्यविम्याची मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपली होती, हेही त्याच बोलण्यात निघाले, आणि त्याचे नूतनीकरण करण्यासाठी त्या लगोलग पुढे गेल्या. नामनिर्देशनाच्या रकान्यापाशी मात्र त्या थबकल्या. ‘‘मुलीला विचारून सांगते,’’ म्हणाल्या. आठवड्याने येऊन त्यांनी कन्येचे नाव लिहिले. कासव नागपूरला नेण्याची तिची तयारी होती.

बावा मोहतऱ्याच्या गंगारामवर कुणाची मालकी नव्हती आणि त्याचा विमाही नव्हता. तरी त्याच्यामागे एक सबंध गाव उभे होते. आपल्या टाकीतल्या कासवामागे गाव नसते, एखादेच घर असते. त्या घराने आपल्या पश्चात कोण, याचे उत्तर वेळीच लिहून ठेवावे.